निकाल न लागलेल्या मृत्यूचं शीर्षक

ॲझारिया चेंबरलेन नऊ आठवड्यांची होती. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री, ऑस्ट्रेलियात उलुरूच्या अवाढव्य खडकाजवळ मुक्कामाला असलेल्या कुटुंबाच्या तंबूतून ती नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिकडच्या रानकुत्र्यानं, बाळ नेलं असा आक्रोश तिच्या आईनं तिथल्या तिथे केला. आठवड्याभरानं बाळाचे रक्ताळलेले कपडे सापडले. बाळ कधीच सापडलं नाही.

१९८१ साली पहिल्या मृत्यू-चौकशीत न्यायाधिकाऱ्यानं आईचं म्हणणं ग्राह्य धरलं. मग ती चौकशी रद्द झाली, दुसरी झाली, खटला उभा राहिला आणि २९ ऑक्टोबर १९८२ रोजी ज्यूरीनं लिंडी चेंबरलेन यांना स्वतःच्या मुलीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा जन्मठेपेची. कुटुंबाच्या मोटारीत बाळाचं रक्त मिळाल्याची साक्ष तज्ज्ञांनी दिली होती. १९८६ मध्ये डिंगोंचा वावर असलेल्या भागात बाळाचं जाकीट मिळालं आणि लिंडी सुटल्या. ज्याला रक्त म्हटलं गेलं होतं, त्यात मोटारीच्या कारखान्यात फवारलेल्या आवाजरोधक रसायनाचे शिंतोडे होते, हेही पुढे उघड झालं. १९८८ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. १९९५ च्या चौकशीनं मृत्यूचं कारण अनिर्णितच ठेवलं. शेवटी १२ जून २०१२ रोजी, चौथ्या चौकशीत, डिंगोनं हल्ला करून बाळाला नेल्यामुळे मृत्यू झाला अशी नोंद झाली.

या जवळजवळ बत्तीस वर्षांत विश्वकोशातल्या लेखाचं शीर्षक काय असायला हवं होतं? विकिपीडियाचा जन्म १५ जानेवारी २००१ चा, त्यामुळे पहिली वीस वर्षं तो प्रश्न कुणाला पडला नाही. मला मात्र तो नेहमी पडतो. १९८२ मध्ये कोणी लेख लिहायला बसलं असतं, तर 'ॲझारिया चेंबरलेनचा खून' हे शीर्षक सगळ्या नियमांत बसलं असतं. न्यायालयाचा निकाल हाताशी, वर्तमानपत्रांचे मथळे पाठीशी, जनमतही त्याच बाजूला. आणि ते शीर्षक चुकीचं ठरलं असतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्याला धक्का लागला नसता असा शब्द एकच होता: मृत्यू. आज इंग्रजी विकिपीडियावर तोच आहे.

मी विश्वकोशासाठी लिहिते, दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. लेखाच्या आत चूक झाली तर ती सुधारायला जागा असते. 'पोलिसांच्या मते', 'आरोपपत्रानुसार', 'बचाव पक्षाचं म्हणणं असं की' हे सगळं आत लिहिता येतं, प्रत्येक वाक्याला आधार देता येतो. शीर्षकाला यातलं काहीही नसतं. त्याला तळटीप नाही, 'कथित' नाही, दुसरी बाजू नाही. शोधयंत्रात ते एकटंच दिसतं, दुसऱ्या लेखांत दुवा म्हणून एकटंच जातं, आणि लेख न वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी तेवढंच वाचलेलं असतं. लेखातलं सर्वांत लहान वाक्य ते, आणि सर्वांत मोठं विधानही तेच.

'खून' म्हटलं की खुनी आलाच. मृत्यू बंद घरात, चार माणसांच्या कुटुंबात, एखाद्या तुरुंगाच्या कोठडीत झाला असेल, तर खुनी म्हणून पाहायला माणसंही मोजकीच उरतात. शीर्षकात त्यांचं नाव लिहावं लागत नाही. वाचणारा ते स्वतः भरतो. जोनबेने रॅम्झी ही सहा वर्षांची मुलगी २६ डिसेंबर १९९६ रोजी कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये स्वतःच्याच घराच्या तळघरात मृत सापडली. त्या क्षणापासून जगानं तिच्या घरच्यांकडे बोट दाखवलं. २००८ मध्ये तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांनी डीएनए पुराव्याच्या आधारे कुटुंबाला संशयातून मोकळं करणारं, क्षमा मागणारं पत्र लिहिलं. तोवर तिची आई कर्करोगानं वारली होती.

जिवंत माणसांविषयी लिहिताना विकिपीडिया सावध झाला तो एका अशाच आरोपामुळे. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकी पत्रकार जॉन सायगेन्थॅलर यांच्यावरच्या लेखात कोणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. हा माणूस रॉबर्ट केनेडींचा निकटचा सहकारी होता, त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक. ते खोटं सुमारे चार महिने तसंच राहिलं. सायगेन्थॅलर यांनी नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला, गदारोळ झाला आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांविषयीचं धोरण त्यानंतर आलं. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकातून संपादकांच्या कामात उतरलं ते तेव्हापासून. आत एका वाक्याला लागू होणारा हा नियम शीर्षकाला दसपट लागू व्हायला हवा असं मला वाटतं.

इंग्रजी विकिपीडियानं अशा शीर्षकांसाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. घटनेला सर्वांच्या तोंडी बसलेलं एखादं नाव असेल तर ते घ्यावं. नसेल तर पाहावं, खुनाबद्दल कोणी दोषी ठरलं आहे का. ठरलं असेल तर 'मर्डर'. दोषी कोणी नाही, पण मृत्यू दुसऱ्या माणसाच्या हातून झाला असं वैद्यकीय अधिकाऱ्यानं किंवा मृत्यू-चौकशीनं नोंदवलं असेल तर 'किलिंग'. तेवढंही नसेल तर 'डेथ'. जॉर्ज फ्लॉइड यांच्यावरचा लेख या तिन्ही पायऱ्या चढला. २५ मे २०२० ला ते गेले तेव्हा लेख 'मृत्यू' म्हणून सुरू झाला, मग 'किलिंग' झाला आणि २० एप्रिल २०२१ ला पोलीस अधिकारी दोषी ठरल्यावर 'मर्डर'. जगभर ज्याची चित्रफीत लोकांनी पाहिली, त्या मृत्यूलाही निकालाची वाट पाहावी लागली. अनेकांना याचा संताप आला आणि तो मला समजतो. तरीही वाट पाहिली हे बरं झालं. एका ठिकाणी लोकांनी पाहिलं ते खरं होतं, दुसऱ्या ठिकाणी, उलुरूला, लोकांना खात्री होती ते खोटं होतं. शीर्षक लिहिणाऱ्याला यातला फरक आधी कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

मराठीत या पायऱ्या जशाच्या तशा बसत नाहीत. वरची आणि खालची ठीक आहे, मधली डळमळते. इंग्रजीतला तो मधला शब्द फक्त एवढंच सांगतो की एका माणसाच्या कृतीनं दुसरा मेला. स्वसंरक्षणात झाडलेली गोळीही त्यात येते. आपली 'हत्या' तितकी कोरी नाही. तिच्यात हेतू आहे, पाप आहे; ब्रह्महत्या, भ्रूणहत्या, गोहत्या या सगळ्यांची सावली तिच्यावर पडलेली आहे. बातमीदार 'खून' आणि 'हत्या' एकाच बातमीत आलटूनपालटून वापरतात. सामान्य माणसाचा खून होतो आणि मोठ्या माणसाची हत्या होते, असाही एक न लिहिलेला रिवाज आहे, आणि तो मला अजिबात आवडत नाही. मग मधल्या पायरीवर काय लिहायचं? मी शक्य तिथे मृत्यू कसा झाला ते लिहिते: 'गोळीबारात मृत्यू', 'कोठडीत मृत्यू'. शीर्षक थोडं लांबतं, पण कोणाच्या मनात काय होतं याचा निवाडा त्याला करावा लागत नाही.

'वध' तर बाजूलाच ठेवलेला बरा. कंसाचा वध होतो, अफझलखानाचा वध होतो. मारलेला मारण्याच्या लायकीचा होता, हे त्या शब्दात आधीच ठरलेलं असतं. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला कोण 'गांधीहत्या' म्हणतं आणि कोण 'गांधीवध', यावरून बोलणारा कुठे उभा आहे हे मराठी माणसाला त्याचं पुढचं वाक्य ऐकण्याआधीच कळतं. कायद्याच्या मराठीत 'सदोष मनुष्यवध' आहे, पण तिथे तो शब्द थंड झालेला आहे. बाहेर आणला की पुन्हा तापतो.

उरतं ते 'प्रकरण'. आपला सर्वांत लाडका सुटकेचा शब्द. अमुक प्रकरण, तमुक प्रकरण. त्याला कोणी पक्षपाती म्हणू शकत नाही, म्हणून संपादक तिथे जाऊन थांबतात. पण गेलेल्या माणसाच्या नावापुढे 'प्रकरण' लागलं की त्या माणसानंच काहीतरी केल्यासारखं वाटू लागतं. घोटाळ्याला प्रकरण म्हणतात, लफड्याला प्रकरण म्हणतात. एखादी मुलगी मेली आणि तिचं नाव कायमचं एका प्रकरणाचं नाव झालं, यात मला तटस्थपणा दिसत नाही, आळस दिसतो. 'हत्याकांड' तर याहून वाईट. अनेकांच्या संहारासाठी असलेला हा शब्द मथळ्याच्या हौसेपोटी एकेका मृत्यूला चिकटवला जातो आणि तिथून उचलून तो विश्वकोशात येतो.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, जिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. 'यांचा', 'याचा' की 'हिचा'? इंग्रजी शीर्षकाला मृताचा मान ठरवावा लागत नाही. आपल्याला लागतो. नेता गेला की 'यांचा', डॉक्टर गेले की 'यांचा', मजूर गेला की 'याचा', आणि तरुण मुलगी कितीही शिकलेली असली तरी 'हिचा'. मृत्यू कसा झाला हे सांगण्याआधीच शीर्षकानं समाजातली उतरंड मांडलेली असते. म्हणून माझा आग्रह असतो की शक्य तिथे सर्वनामच टाळावं, नाव आणि मृत्यू थेट जोडून लिहावं. वाचायला जरा कोरडं वाटतं. चालेल.

ही उतरंड किती खोल जाते ते पाहायचं तर नोएडाकडे पाहावं. १६ मे २००८ च्या सकाळी आरुषी, चौदावा वाढदिवस आठवड्यावर आलेली मुलगी, तिच्या खोलीत मृत सापडली. घरात काम करणारा हेमराज दिसत नव्हता, म्हणून पोलिसांनी त्यालाच संशयित ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर हेमराजचा मृतदेह मिळाला. म्हणजे एक दिवसभर मेलेला माणूस खुनी म्हणून शोधला जात होता. पुढची नऊ वर्षं हा तपास कोलांट्या खात राहिला. केंद्रीय अन्वेषण विभागानं २०१० मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला, न्यायालयानं तो नाकारून खटला चालवायला लावला, नोव्हेंबर २०१३ मध्ये आरुषीच्या आईवडिलांना जन्मठेप झाली आणि १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. आता कायद्याच्या दृष्टीनं या दोन मृत्यूंचा दोषी कोणीही नाही.

वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, घराघरांत हे 'आरुषी हत्याकांड' होतं. हेमराज त्या नावात नाही. त्याच रात्री, त्याच घरात मेलेला माणूस दुसऱ्याच्या मृत्यूचा तपशील होऊन राहिला. इंग्रजी विकिपीडियानं मात्र सरळ मार्ग काढला: साल, गाव आणि दुहेरी खून. कोणाचंच नाव नाही. सगळ्यांच्या ओळखीचं नाव सोडून हे घेतलं म्हणून तक्रार करता येईल, कारण वाचक आरुषीचं नाव टंकूनच तिथे येणार. पण मला ते शीर्षक नेमकं वाटतं. दोन मृतांना त्यानं समान ठेवलं, आणि आईवडील, नोकर, शेजारी अशा कोणाकडेही डोळा मारला नाही. 'खून' हा शब्दही इथे योग्य आहे, जरी दोषी कोणी नसला तरी. ती दोन माणसं अपघातानं मेली असं कुठल्याच न्यायालयानं, कुठल्याच तपास पथकानं म्हटलेलं नाही.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण संपादकांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: शब्द जितका सौम्य तितका तटस्थ. शंका आली की 'मृत्यू' लिहा, कोणी हरकत घेणार नाही. उलुरूला हे बरोबर ठरलं म्हणून सगळीकडे बरोबर ठरत नाही. १५ जानेवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ शॉर्ट या बावीस वर्षांच्या तरुणीचा मृतदेह कमरेपासून दोन तुकडे केलेल्या अवस्थेत मिळाला. मारेकरी आजवर सापडलेला नाही. याला 'एलिझाबेथ शॉर्ट यांचा मृत्यू' म्हणणं म्हणजे डोळ्यांसमोरचं न पाहणं. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नीसोबत चित्रपट पाहून पायी घरी निघाले असताना स्टॉकहोमच्या रस्त्यावर मागून गोळी झाडून मारले गेले. १९८९ मध्ये एकाला खालच्या न्यायालयानं दोषी ठरवलं, त्याच वर्षी अपिलात तो सुटला. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी आणखी एकाकडे बोट दाखवलं, पण तो २००० मध्येच वारलेला होता, त्यामुळे खटला होणं शक्यच नव्हतं. मारेकऱ्याविषयी इतका गोंधळ असूनही 'पाल्मे यांची हत्या' या शीर्षकात काहीच संशयास्पद नाही. कोणी मारलं हे माहीत नसणं आणि मारलं गेलं की नाही हे माहीत नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीर्षकाचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी आहे.

सौम्य शब्दानं अन्याय कसा होतो याचं सर्वांत मोठं उदाहरण मला हिल्सबरोचं वाटतं. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या त्या फुटबॉल मैदानात गर्दीच्या दाबाखाली चिरडून माणसं मेली. मृतांचा आकडा आज ९७ धरला जातो. १९९१ च्या मृत्यू-चौकशीनं निर्णय दिला: अपघाती मृत्यू. वरवर पाहता किती निरुपद्रवी शब्द. पण पोलिसांच्या चुका झाकून प्रेक्षकांच्याच माथी दोष मारण्याच्या कामी तो आला. कुटुंबं त्या शब्दाशी लढत राहिली. २०१२ मध्ये तो निर्णय रद्द झाला आणि २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या ज्यूरीनं सांगितलं की या लोकांचा बेकायदा बळी गेला आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता. तिथला बंदोबस्त सांभाळणारा अधिकारी मात्र २०१९ मध्ये फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला. म्हणजे बळी गेले, आणि कायद्यानं दोषी कोणी नाही. या घटनेचा मराठी लेख कोणत्या नावानं असावा? 'दुर्घटना' म्हटलं की अपघाताचा वास येतो. 'चेंगराचेंगरी' म्हटलं की गर्दीच एकमेकांवर तुटून पडली असं चित्र उभं राहतं, आणि नेमकी तीच तर खोटी कहाणी होती. 'हत्या' म्हणावं तर कोणाचाही तसा हेतू होता असं कोणी म्हटलेलं नाही. मी 'दुर्घटना' हा शब्द स्वीकारते, पण मनाविरुद्ध, आणि पहिल्याच वाक्यात २०१६ चा निर्णय आला पाहिजे या अटीवर.

लोकांच्या तोंडी बसलेलं नाव घ्यावं, हा नियम सोयीचा आहे. पण ते नाव बसवलं कोणी हेही बघायला हवं. एलिझाबेथ शॉर्टचा लेख वृत्तपत्रांनी तिला चिकटवलेल्या 'ब्लॅक डाहलिया' या टोपणनावानं आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ ते १८९१ दरम्यान मारल्या गेलेल्या अकरा स्त्रियांची नोंद पोलिसांच्या फायलीत भागाच्या नावानं आहे. जगाला मात्र सप्टेंबर १८८८ मध्ये एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्राखालची 'जॅक द रिपर' ही सही आठवते. ज्याचं खरं नाव आजही ठाऊक नाही त्याला टोपणनाव मिळालं, त्यावर दंतकथा रचल्या गेल्या, आणि मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन ही नावं शोधून काढावी लागतात. विकिपीडियावर 'व्हाइटचॅपल खून' या शीर्षकाचा वेगळा लेख आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

नाव बसवणारी दुसरी शक्ती म्हणजे आख्यायिका. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, हा इतिहास. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार होऊन बसल्यामुळे ती गोष्ट पुरावा मागण्याच्या पलीकडे गेली. विश्वकोशात 'नारायणरावांची हत्या' हे शीर्षक भक्कम उभं राहतं. अक्षर बदलण्याची कथा आत, आख्यायिका म्हणून, कोण सांगतं ते लिहून. एका बाईच्या नावावर अडीचशे वर्षं असलेला ठपका निदान आपण तरी वाढवू नये.

'गूढ', 'रहस्यमय', 'संशयास्पद' ही विशेषणं शीर्षकात कधीच असू नयेत. गूढ हा घटनेचा गुण नसतो, पाहणाऱ्याच्या माहितीची ती अवस्था असते, आणि ती बदलते. १९५९ च्या फेब्रुवारीत उत्तर उरल पर्वतात इगोर द्यातलोव यांच्यासह नऊ गिर्यारोहक मेले. तंबू आतून फाडलेला, माणसं पुरेशा कपड्यांविना बर्फात बाहेर पडलेली, काहींच्या छातीला आणि कवटीला जबर इजा. सोव्हिएत चौकशीनं 'अनावर नैसर्गिक शक्ती' म्हणून विषय मिटवला आणि साठ वर्षं लष्करी चाचण्यांपासून परग्रहवासीयांपर्यंत सगळे तर्क लढवले गेले. २०२० मध्ये रशियाच्या सरकारी वकिलांनी हिमस्खलनाचा निष्कर्ष काढला. पण विकिपीडियाचा लेख खिंडीच्या नावानं, 'घटना' म्हणून आहे. हिमस्खलन मान्य केलं तरी त्यात बदल करावा लागत नाही, नाकारलं तरी नाही.

सगळ्यात अवघड बाजू कुटुंबांची. मुलाचा मृत्यू पोलिसांनी 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंदवला आणि तिथेच ठेवला, तर त्याच्या घरच्यांना विश्वकोशातला 'मृत्यू' हा शब्दही त्याच वहीतला वाटणार. त्यांना त्यांचा मुलगा मारला गेला हे ठाऊक आहे, किंवा ठाऊक आहे असं वाटतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही 'खून' याच शब्दासाठी भांडले असते. विश्वकोश त्यांना न्याय देऊ शकत नाही, ते त्याचं कामही नाही. पण शीर्षकात नाकारलेलं सगळं आत नाकारलं जाऊ नये, एवढं पाहणं आपल्या हातात असतं. पहिल्याच परिच्छेदात सांगावं की कुटुंबाचा दावा काय आहे, कोणता तपास अर्धवट राहिला, शवविच्छेदन अहवाल काय म्हणतो, कोणत्या न्यायालयात अर्ज पडून आहे. अनेक संपादक शीर्षक तटस्थ केलं की काम झालं समजतात आणि लेखात पोलिसांची पत्रकं उतरवून ठेवतात. त्या लेखाला तटस्थ म्हणायला मी तयार नाही.

आत्महत्येचंही तसंच. एखादा मृतदेह लटकलेल्या अवस्थेत मिळाला म्हणून शीर्षकात 'आत्महत्या' लिहिणारे आणि दुसऱ्या दिवशी ते खोडून 'खून' लिहिणारे, दोघेही तपासाच्या आधी पोहोचलेले असतात. नटाली वुड या अभिनेत्रीचा २९ नोव्हेंबर १९८१ ला समुद्रात बुडून मृत्यू झाला, अपघात म्हणून नोंद झाली. तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, मृत्यूच्या दाखल्यावर 'बुडून आणि इतर अनिश्चित कारणांनी' असा बदल झाला. सरकारी कागदसुद्धा इतक्या उशिरा अनिश्चिततेकडे परततो.

शीर्षक बदलण्याची चर्चा सुरू झाली की दोन्हीकडचे लोक ते शेवटचं असल्यासारखे भांडतात. वास्तविक विश्वकोशात शीर्षक हलवलं तरी जुनं शीर्षक पुनर्निर्देशन म्हणून शिल्लक राहतं. 'खून' लिहून शोधणारा 'मृत्यू'च्या लेखावर येतो, टोपणनावानं शोधणारा खऱ्या नावावर येतो. कोणाची वाट बंद होत नाही. म्हणून मी बदलाच्या बाजूनं असते, पण नवा कागद आल्यावर: निकाल, मृत्यू-चौकशीचा निष्कर्ष, दुरुस्त केलेला दाखला. नवी मालिका आली, वर्धापनदिन आला, कोणीतरी वाहिनीवर नवा दावा केला, एवढ्यावर नाही.

१८ सप्टेंबर १९६१ च्या मध्यरात्रीनंतर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशल्ड यांना घेऊन जाणारं विमान आजच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ कोसळलं. विमानातल्या सोळा जणांपैकी कोणीही वाचलं नाही. वैमानिकाची चूक, यांत्रिक बिघाड, दुसऱ्या विमानाचा हल्ला या सगळ्या शक्यता तपासल्या गेल्या आहेत. बाहेरून हल्ला झाला असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या अलीकडच्या चौकशीनंही सोडून दिलेली नाही, आणि काही देशांकडे असलेली माहिती अजून पुरती मिळालेली नाही असं तिचे अहवाल सांगतात. इंग्रजीतला लेख वर्ष, ठिकाण, विमान आणि 'कोसळणे' अशा शब्दांत आहे. मराठीत तो लिहिला जाईल तेव्हा 'हॅमरशल्ड यांची हत्या' असं शीर्षक सुचवणारं कोणीतरी येईल, 'हॅमरशल्ड यांचा अपघाती मृत्यू' सुचवणारंही येईल. मी 'एन्डोला विमान कोसळणे, १९६१' याच्या बाजूनं मत देईन, आणि बाकीची दोन्ही शीर्षकं पुनर्निर्देशन म्हणून ठेवा असं म्हणेन.